गांवचा कारभार व सृष्टीचें रक्षण

(महोत्सवाच्या निमित्तानें सेलू, जिल्हा वर्धा, येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हां एखाद्या संताचें चरित्र सांगावें असें पहिल्यानें मनांत आलें. परंतु काल सायंकाळीं बोर नदीच्या कांठानें फिरावयास गेलों, आणि तेथें जें दृष्टीस पडलें त्यानें माझा विषयच बदलून गेला. पाण्यांतल्या झुडपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या, आणि कोणाच्या तरी घरच्या कार्यांतल्या थर्माकोलच्या ताटल्या कांठाला लागल्या होत्या. त्यांतच एक खंड्या पक्षी मासा शोधीत बसला होता. माझ्यासोबत एक शाळकरी मुलगा होता. त्यानें मला विचारलें, “आजोबा, हें साफ करणें कोणाचें काम?” मीं त्याला पटकन् उत्तर दिलें, “नगरपंचायतीचें.” परंतु घरीं येईपर्यंत माझें मन मला खाऊं लागलें. तें उत्तर खोटें नव्हतें. पण तें अर्धेंच होतें. उरलेलें अर्धें उत्तर आज आपणां सर्वांसमोर द्यावें, एवढ्याच हेतूनें मी उभा आहें.

प्रथम कायद्याची बाजू पाहूं. या देशांत स्थानिक स्वराज्याचा पाया लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानें घातला गेला, असें मानतात. त्या काळीं नगरपालिकेचें काम म्हणजे दिवाबत्ती, रस्ते, पाणी आणि झाडलोट, एवढेंच लोक समजत. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रांत नगरपरिषदांचा कायदा १९६५ सालीं झाला. पुढें १९९२ सालीं भारताच्या घटनेंत दोन मोठ्या दुरुस्त्या झाल्या. एक ग्रामपंचायतींकरितां व दुसरी नगरांकरितां. नगरांकरितां जी बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यांत पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व कचऱ्याची व्यवस्था हीं कामें तर आहेतच. परंतु नगरांतील वृक्षवाढ आणि पर्यावरणाचें रक्षण हेंहि एक स्वतंत्र काम म्हणून नोंदलेलें आहे. म्हणजे झाडें राखणें, नदी राखणें, हवा राखणें ही नगरपंचायतीची मेहेरबानी नव्हे, किंवा एखाद्या हौशी अध्यक्षाचा छंदहि नव्हे. राज्यघटनेनेंच हें काम स्थानिक कारभाराच्या वांट्याला येईल असें पाहिलें आहे. आपलें सेलू तालुक्याचें ठिकाण असल्यामुळें गेल्या दशकांत येथें ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, आणि सतरा प्रभागांतून सतरा प्रतिनिधि निवडण्याचा अधिकार आपल्या हातीं आला. अधिकार आला त्याच दिवशीं जबाबदारीहि आली, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानांत फारशी राहिली नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, हे नवे विचार शहरांतून आले आहेत. आपणां खेड्यांतल्या लोकांना त्यांचें काय? बंधुभगिनींनो, हे विचार बाहेरून आले नाहींत. ते याच वर्धा जिल्ह्याच्या मातींत उगवलेले आहेत. १९३५ सालीं महात्मा गांधी वर्ध्यास मगनवाडींत राहात होते. शेजारीं सिंदी नांवाचें लहानसें गांव होतें. गांधीजींच्या प्रेरणेनें मीराबेन, महादेवभाई देसाई वगैरे मंडळी दररोज सकाळीं हातांत बादल्या व फावडीं घेऊन त्या गांवाच्या वाटेवरची घाण उचलावयास जात. बहुतेक गांवकरी लांबून पाहात राहिले. वर्षानुवर्षांची संवय कांहीं चार महिन्यांत सुटली नाहीं. परंतु त्या बादल्यांतून एक मोठा धडा मिळाला. ज्याला आपण घाण म्हणून टाकून देतों, तेंच मातीखालीं नीट पुरलें तर सोन्यासारखें खत होतें, आणि उघड्यावर टाकलें तर रोगराई होते. वस्तु एकच असते. ती कोठें ठेविली एवढाच फरक.

त्याच मगनवाडींत एक ख्रिस्ती गृहस्थ राहात होते, त्यांचें नांव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. त्यांचा जन्म १८९२ चा, तंजावरचा. परदेशांत शिकलेले, हिशेबतपासनीसाचा चांगला धंदा करणारे हे गृहस्थ तें सारें सोडून ग्रामोद्योग संघाच्या कामाकरितां वर्ध्यास येऊन राहिले. ते आपल्या संप्रदायाचे नव्हते. पण प्रभु येशूच्या शिकवणीवर त्यांनीं ग्रंथ लिहिला, आणि चिरंतन अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४५ सालीं बाहेर आला. त्यांचा मूळ विचार असा कीं, सृष्टीच्या संपत्तीचे दोन प्रकार आहेत. एक सांठ्याची संपत्ति. जसा दगडी कोळसा, खनिज तेल, धातू. ती जितकी काढावी तितकी कमी होते. दुसरी प्रवाहाची संपत्ति. जसें वाहतें पाणी, वाढतें झाड, पिकणारें धान्य. ती योग्य रीतीनें वापरली तर दरवर्षीं पुन्हां मिळते. पहिलीवर उभा राहिलेला संसार आज ना उद्यां भांडणाला येतो. दुसरीवर उभा राहिलेला संसार टिकतो. त्यांनीं सृष्टींतलेच दाखले दिले आहेत. माकड आंबराईंत शिरतें, फळें खातें, नासधूस करितें. त्या झाडाच्या वाढीला त्याचा कांहीं हातभार नसतो. मधमाशीहि फुलाजवळ आपल्या पोटासाठींच येते. परंतु मध घेतां घेतां ती परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेते आणि झाडाला फळ धरण्यास साह्य करिते. गांवांतल्या प्रत्येक माणसानें व प्रत्येक पंचायतीनें स्वतःला हाच प्रश्न विचारावा: आपण या गांवांत माकडासारखे राहतों, कीं मधमाशीसारखे?

बोर नदीकडेच पाहा. आपल्या तालुक्याच्या डोंगराळ भागांत बोरचें जंगल आहे. तेथें १९७० सालीं अभयारण्य झालें व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. त्या वेळीं सुमारें १३८ चौरस किलोमीटरचा हा व्याघ्रप्रकल्प देशांतील अगदीं लहान व्याघ्रप्रकल्पांत मोडत होता. लहान असला तरी त्याचें मोल लहान नाहीं. त्या सागाच्या व बांबूच्या जंगलानें पावसाचें पाणी धरून ठेविलें, म्हणून धरणांत पाणी सांठतें. धरणांत सांठतें, म्हणून वावरांत ओलीत होतें. एके काळीं सेलूच्या केळीच्या बागांचें नांव दूरवर होतें, तें या पाण्याच्याच जोरावर. ज्या पाण्याची राखण डोंगरांत वाघ करितो, त्या पाण्याची राखण तें गांवांत आल्यावर कोणीं करावयाची? वाघाला कोणी कायदा शिकविला नाहीं. आपणांस मात्र कायदे पुष्कळ शिकविलेले आहेत.

ते कायदे थोडक्यांत सांगतों, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसतात. नागरी भागांतील झाडांच्या रक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा आहे. त्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. २०२१ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांचें किंवा त्याहून जुनें झाड वारसावृक्ष ठरविण्यांत आलें, आणि जितक्या वर्षांचें झाड तोडावें तितकीं नवीं झाडें लावावीं असें बंधन आलें. २०१६ सालीं केंद्र सरकारनें घनकचऱ्याचे नियम केले; ओला कचरा व सुका कचरा घरींच निराळा करणें हें प्रत्येकाचें कर्तव्य ठरविलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राष्ट्रीय हरित लवादानें उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पांच हजार रुपये दंड सांगितला. २०१८ च्या मार्च महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या ताटल्या यांवर बंदी घातली आणि पहिल्या अपराधास पांच हजार रुपये दंड ठेविला. २०२० सालीं २ ऑक्टोबर रोजीं “माझी वसुंधरा” हें अभियान निघालें. भूमि, जल, वायु, अग्नि आणि आकाश या पंचमहाभूतांप्रमाणें गांवाच्या कामाची परीक्षा घ्यावयाची व गुण द्यावयाचे, अशी त्याची योजना आहे. पहिल्या वर्षीं राज्यांतील ६८६ स्थानिक संस्थांनीं त्यांत भाग घेतला. म्हणजे धोरणाची उणीव आहे असें कोणाला म्हणतां येणार नाहीं. उणीव आहे ती धोरण आणि दारांतली बादली यांच्यामधल्या वाटेंत.

ही वाट कशी तुटते, हें मी दुसऱ्याच्या नांवानें सांगणार नाहीं. स्वतःचीच गोष्ट सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं राहात होतों, आणि तेथील लोकांनीं मला पंचायतीवर निवडून दिलें होतें. गांवचा उकिरडा वाढला होता. लोकांची ओरड होती. सभेपुढें दोन सूचना आल्या. एक, गांवाबाहेरची थोडी जमीन घेऊन तेथें खताचे खड्डे करावे. दुसरी, सारा कचरा गाडींत भरून नाल्याच्या कांठीं टाकावा. पहिलीला खर्च होता, दुसरीला नव्हता. पंधरा मिनिटांत ठराव झाला. मीं हात वर केला तो दुसऱ्या सूचनेसाठीं. मला आपल्या काटकसरीचा अभिमानहि वाटला.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, आणि तो सगळा ढीग नाल्यांत उतरला. नाल्याच्या खालच्या अंगाला आठ-दहा घरांची एक वस्ती होती. त्यांची विहीर नाल्याला लागूनच. पुढच्या सभेच्या दिवशीं त्या वस्तींतली एक म्हातारी तांब्यांत पाणी घेऊन आली. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें तो तांब्या टेबलावर ठेविला, आणि कोपऱ्यांत उभी राहिली. पाण्याला वास येत होता. अध्यक्षांनीं तो तांब्या बाहेर नेण्यास सांगितलें. पण त्यांतलें पाणी पिऊन पाहावें असें कोणालाच, मलासुद्धां, म्हणवेना. तेव्हां मला कळलें कीं, आम्हीं पैसा वांचविला नव्हता. आमचा खर्च आम्हीं त्या म्हातारीच्या माथीं मारला होता. ठरावाच्या वहींत तो खर्च कोठेंच लिहिलेला नव्हता, इतकेंच. त्यानंतर खड्डे झाले. परंतु ती विहीर पुन्हां पिण्यासारखी झाली नाहीं. पाण्याकरितां त्या वस्तींतल्या बायांना पुढें कितीतरी दिवस दूर जावें लागलें.

तेव्हांपासून मी एक नियम समजून घेतला आहे: पर्यावरणाचें कोणतेंहि धोरण चांगलें कीं वाईट, हें गांवाच्या खालच्या टोंकाला जाऊन पाहावें. वरच्या टोंकाला सर्वच धोरणें चांगलीं दिसतात. दिवंगत परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं सृष्टीच्या रक्षणाविषयीं जें परिपत्र लिहिलें, त्याचाहि हा एक मुख्य धागा आहे. पृथ्वीचें दुखणें व गरिबाचें दुखणें त्यांनीं निराळें मानलें नाहीं. त्या म्हातारीच्या तांब्यानें मला तेंच शिकविलें होतें. मात्र परिपत्र वाचण्याच्या किती तरी आधीं.

लहान गांवाला हें काम झेपेल काय? झेपतें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत समुद्रकांठीं वेंगुर्ले म्हणून गांव आहे, सुमारें बारा हजार वस्तीचें. तेथेंहि कचऱ्याचा डोंगर होता, दुर्गंधि होती. साधारण २०१५ पासून तेथील नगरपरिषदेनें एकच हट्ट धरला, कीं निवडलेला कचराच घ्यावयाचा. ओल्या कचऱ्यापासून खत व गॅस, प्लॅस्टिकचे बारीक तुकडे करून ते डांबरी रस्त्याच्या कामाला, कांच, कागद, पत्रा निराळा करून विक्रीस. पुढें ज्या जागेवर नाक धरून जावें लागे, तेथें बाग झाली, आणि परगांवचे लोक ती पाहावयास जाऊं लागले. त्यांच्याजवळ कोणतें मोठें यंत्र होतें म्हणून हें झालें नाहीं. घराघरांतल्या दोन बादल्या निराळ्या झाल्या, आणि कारभाऱ्यांनीं आपला हट्ट सोडला नाहीं, म्हणून झालें. दोहोंपैकीं एक गोष्ट सुटली असती तर डोंगर तेथेंच राहिला असता.

तेव्हां आपणांकडून काय व्हावें, तें सांगून मी आटोपतें घेतों. भव्य संकल्प मी मागत नाहीं.

पहिली गोष्ट बादलीची. आपल्या घरच्या कचऱ्यांत निम्म्याहून अधिक भाग भाजीचीं देंठें, सालें, उष्टें-खरकटें असा असतो. परसांत हातभर खोल खड्डा करावा. ओल्या कचऱ्याचा एक थर, वर वाळल्या पाल्याचा एक थर, वर थोडी माती. ओल जपली तर दोन-तीन महिन्यांत खत होतें. ज्याच्या घरीं परस नाहीं, त्यानें निवडलेला कचरा घंटागाडींत द्यावा. गाडीवाल्यानें तो पुन्हां एकत्र केला, तर मात्र गप्प बसूं नये. नगरपंचायतींत जाऊन सौम्य शब्दांत, पण लेखी, विचारावें. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. कागदाला उत्तर द्यावें लागतें.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे वर्षाकाठीं सुमारें एक हजार मिलीमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर त्या हिशेबानें एक लाख लिटर पाणी पडतें. कवेलूवर व भिंतींवर थोडें जिरलें तरी बाकीचें सारें नालींतून वाहून जातें, आणि मे महिन्यांत आपण टँकरची वाट पाहतों. छपराचें पाणी एका पाइपानें शोषखड्ड्यांत सोडलें, तर विहिरीला आधार होतो. आपल्याच तालुक्यांत तामसवाड्याच्या नाल्याचें पात्र खोल व रुंद करून पाणी जिरविण्याचें काम झालें, त्याचें नांव आज विदर्भभर घेतलें जातें. जें नाल्यानें होतें तें छपरानेंहि होतें.

तिसरी गोष्ट झाडाची. लावलेल्या झाडांचीं छायाचित्रें पुष्कळ निघतात. जगलेल्या झाडांचीं फार थोडीं. प्रत्येक कुटुंबानें एकच झाड घ्यावें, कडुलिंबाचें म्हणा, चिंचेचें म्हणा, आणि तीन उन्हाळे त्याला पाणी द्यावें. वर्ध्याकडचा उन्हाळा काय असतो तें मीं आपणांस सांगावयास नको. तीन उन्हाळे काढलेलें झाड पुढें आपलें आपण पाहून घेतें.

चौथी गोष्ट सभेची. नगरपंचायतीचें अंदाजपत्रक दरवर्षीं होतें. त्यांत कचरा, पाणी व झाडें यांसाठीं किती रक्कम धरली, हें आपल्या प्रभागाच्या सदस्याला विचारणें हा नागरिकाचा हक्क आहे. मत मागावयास कोणी आला म्हणजे आपण रस्ता मागतों, दिवा मागतों. एकदां तरी नदी मागून पाहावी. आणि मागतांना आपला कर भरलेला असावा, हेंहि विसरूं नये. कर चुकविणाऱ्यानें केलेली मागणी कोणी मनावर घेत नाहीं.

पांचवी व शेवटची गोष्ट आपल्याच दारची आहे. या महोत्सवाचें प्रीतिभोजन उद्यां आहे. शेंकडों पानें उठतील. योहानाच्या शुभवर्तमानांत पांच हजारांच्या जेवणाची कथा आहे. लोक तृप्त झाल्यावर प्रभूनें शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास लाविलें, कांहींहि वायां जाऊं नये म्हणून. आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला पांच भाकरींवर पांच हजारांना जेवूं घालतां आलें, त्याला तुकड्यांची काय वाण होती? तरी त्यानें ते उचलविले. चमत्काराच्या मागोमाग झाडलोट आली आहे, हें आपण वाचतांना पुष्कळदां विसरतों.

म्हणून माझी हात जोडून विनंति आहे, कीं उद्यांच्या पंक्तींत थर्माकोलची एकहि ताटली नसावी. आपल्या जंगलांत पळसाला तोटा नाहीं. पत्रावळी व द्रोण करणारे हात अजून आसपासच्या गांवांत आहेत, त्यांनाहि चार पैसे मिळतील. पाण्याचे पेले घरून आणावे. तरुण मंडळींनीं जेवणें झाल्यावर उष्टें निराळें, पानें निराळीं करावीं, आणि तीं खताच्या खड्ड्यांत पोंचवावीं. परवां सकाळीं मी त्या मुलाला घेऊन पुन्हां नदीवर जाणार आहें. त्यानें मला तोच प्रश्न पुन्हां विचारला, तर पूर्ण उत्तर देण्याइतकें तोंड मला राहावें, एवढें आपण माझ्यासाठीं करावें.

परमेश्वर आपणां सर्वांस सद्बुद्धि देवो.